उपमाल्यातली पाच मतं

रास्मानं ते बोलायला नको होतं. निदान कबरींच्या सणाला तरी नको होतं. वर्षातून एकदा, जूनच्या तिसऱ्या रविवारी, अख्खं उपमाले ठेवणीतले कपडे घालून दफनभूमीत जमतं. कुठं कुठं पांगलेली पोरंबाळं आईबापांच्या कबरींवरची वाळू दंताळ्यानं सारखी करायला घरी येतात आणि त्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांशी गोड बोलायचं असतं. पण रास्माच्या पोटात कधी काही राहिलंय? गावचं वाचनालय ती सांभाळते, मतदान केंद्राची प्रमुखही तीच, आणि दोन्हीकडे शांतता पाळायची असते हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"अभिनंदन हो, मंत्रीसाहेब!" हातातली फुलांची कुंडी सावरत ती पुर्मालिसांच्या कबरीपाशी आली. "पण आता मंत्री कुठले म्हणा, आता थेट युरोपच्या संसदेत! आणि उपमाल्यानं काही केलं नाही असं नका म्हणू हं. पाच मतं पडली तुमच्या पक्षाला."

"पाच?" इल्मार्स पुर्मालिस हसून म्हणाला. गेल्या दोन आठवड्यांत त्यानं इतक्या जणांशी हस्तांदोलन केलं होतं, की हसू आपोआप यायचं.

"पाचच. एकशे बारा लोकांपैकी. पण तुमच्या घरचे पाच धरले तर बरोबर जमतंय की! नि तुमच्या नावापुढे एक अधिकची खूण होती, आणि चार कागदांवर नाव खोड..."

तिथं रास्माची जीभ थबकली. एवढी वर्षं गावातल्या लोकांनी जी गोष्ट देवाकडे मागितली होती ती घडली, पण चार शब्द उशिरा.

"आकडे काय, वेबसाइटवर लागलेतच," ती घाईघाईनं म्हणाली. "कुणीही बघावेत. मी काही गुपित फोडलेलं नाही. बरं, येते हं, पास्टर आलेच." आणि ती कुंडीसकट दोन रांगा पलीकडे गेली.

इल्मार्सच्या वडिलांच्या, थेओडोर्स पुर्मालिसच्या कबरीभोवती पाच माणसं उभी होती आणि पाचही जण मनातल्या मनात तोच हिशेब करत होते. तो काही अवघड नव्हता. आपल्याकडे मत देताना पक्षाचा कागद निवडायचा. त्यावरच्या यादीत जो माणूस आवडतो त्याच्या नावापुढे अधिक काढायचा, जो नको त्याच्या नावावर रेघ ओढायची आणि कागद लिफाफ्यात घालून पेटीत टाकायचा. कुणाचा कागद कुठला हे कुणालाच कळत नाही. पण साऱ्या गावात पक्षाला पाचच मतं पडली आणि घरातले पाचही जण "आम्ही पक्षालाच दिलं" म्हणून सांगत फिरत असले, तर मग काय गुपित राहणार? एक अधिक होता. तो अर्थातच इल्मार्सचा स्वतःचा. नि उरलेले चार जण म्हणजे त्याची आई, त्याची बहीण, त्याचा भाऊ आणि त्याची बायको.

आउस्त्रा गुडघ्यांवर बसून नवऱ्याच्या कबरीवर बेगोनिया लावत होती. एकोणऐंशी वर्षांची ती बाई. हात मातीत तसेच राहिले. आपण खोडलं होतं, हे तिला माहीत होतं. पण बाकीच्यांनीही?

तिनं मान वर केली. मोठा मुलगा एगोन्स दंताळं ओढत होता, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. धाकटी सून रेनाते, इल्मार्सची बायको, मेणबत्ती पेटवत होती आणि वारा नसताना ती तिला पेटत नव्हती. आणि सगळ्यांत थोरली जिद्रा, पाण्याची झारी हातात धरून, इल्मार्सकडे टक लावून बघत होती. चेहऱ्यावरचा रंग उडालेला. भूत बघितल्यासारखी बघत होती ती आपल्या भावाकडे, आणि आउस्त्राला वाटलं, पकडली गेली म्हणून घाबरली बिचारी.

घंटा झाली. पास्टरनी प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि पुर्मालिसांच्या घराला इतक्या मनापासून मान खाली घालायची गरज त्याआधी कधी पडली नव्हती.

प्रार्थनेतला एक शब्द आउस्त्राच्या कानात शिरला नाही. तिच्या डोळ्यांपुढे मतदानाचा तो शनिवार उभा होता. इल्मार्स रिगाहून मुद्दाम आला होता. टीव्हीवाली एक मुलगी बरोबर होती. 'मंत्री आपल्या गावी सहकुटुंब मतदान करताना' असं काहीतरी तिला दाखवायचं होतं. मतदान केंद्र होतं शाळेत. म्हणजे जी शाळा होती तिथं. दोन वर्षांपूर्वी शिक्षणमंत्री इल्मार्स पुर्मालिस यांनी देशभरातल्या ज्या एकाहत्तर लहान शाळा बंद करायच्या कागदावर सही केली, त्या यादीत उपमाल्याची शाळा छप्पन्नावी होती. तिथली मुख्याध्यापिका होती जिद्रा. सख्ख्या भावानं सख्ख्या बहिणीची शाळा बंद केली, आणि बहीण तेव्हा एक शब्द बोलली नाही. शेवटच्या दिवशी अकरा मुलांना प्रगतिपुस्तकं वाटून तिनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली टपालानं भावाच्या मंत्रालयात पाठवून दिली.

त्या शाळेच्या सभागृहात, पडद्याआड उभी राहून आउस्त्रानं कागद उघडला होता. दुसऱ्या क्रमांकावर लेकाचं नाव, खाली जन्मसाल, शिक्षण. तिला काही राजकारण नको होतं. तिला एवढंच कळत होतं, की शाळा बंद झाली तशी एगोन्सच्या मुलानं बायकापोरं घेऊन आयर्लंड गाठलं. रोज दीड तास बस करून पोरांना पाठवायचं कुठल्या शाळेत? तेव्हापासून तिची दोन पणतवंडं तिला फोनवर भेटतात आणि 'पणजी' सुद्धा परक्या हेलात म्हणतात. आता हा धाकटा. ब्रसेल्सला जाणारे परत येतात असं सगळे म्हणतात. आयर्लंडला जाणाऱ्यांबद्दलही म्हणायचे. तिनं पेन घेतलं आणि इल्मार्सच्या नावावर अशी सरळ रेघ ओढली, जशी ती किराणा आणून झाल्यावर वहीतल्या यादीवर ओढते. पक्षाला मत दे म्हणाला होता, दिलं. तू मात्र घरी राहा बाबा.

आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "आई, निवडून आलो गं," तेव्हा ती म्हणाली होती, "देवाची कृपा." तेव्हापासून ती देवाला जरा टाळतच होती.

जेवण अंगणात मांडलं होतं, सफरचंदाच्या झाडाखाली. दर वर्षीसारखंच सगळं. थंड बीटाचं सार, त्यावर शेपू; उकडलेले बटाटे; डुकराच्या मांसाचे तुकडे भरलेले गरम पाव, जे आउस्त्रा पहाटे उठून करते आणि जे इल्मार्स लहानपणापासून मोजून सात खातो. आज त्यानं एक घेतला आणि ताटात तसाच ठेवला.

"छान झाली प्रार्थना," रेनाते म्हणाली.

"हो ना," एगोन्स म्हणाला. "लहानशी. लहान गोष्टी छानच असतात. शाळासुद्धा."

"एगोन्स," आउस्त्रा म्हणाली.

"मी काय बोललो? शाळेचं नाव काढायचं नाही का आता?"

इल्मार्सनं चमचा खाली ठेवला. तो एक्कावन्न वर्षांचा होता, सहा वर्षं सरकारात काढलेला माणूस. विरोधकांनी भर सभागृहात नावं ठेवली तरी आवाज न चढवणारा. आताही चढवला नाही.

"जेवणाआधीच होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "कुणी कुणी खोडलं?"

शेजारच्या वाडीत कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

"अरे, मतदान गुप्त असतं," रेनाते हसल्यासारखं करून म्हणाली. "घटनेत लिहिलंय. तूच शिकवतोस ना लोकांना?"

"मी खोडलं," एगोन्स म्हणाला.

त्यानं ते मीठ मागावं तितक्या सहज म्हटलं, आणि म्हणूनच ते सगळ्यांना लागलं. आउस्त्रा त्याच्याकडे बघत राहिली. ह्या मुलानं कधी कुणावर हात उगारला नाही, शेतातल्या कोल्ह्यालाही तो हुसकून लावतो पण मारत नाही.

"खोडलं, आणि दोनदा खोडलं," एगोन्स पुढे म्हणाला. "पहिली रेघ नीट उमटली नाही म्हणून. माझी नातवंडं, मार्टा आणि एमिल्स, डब्लिनच्या शाळेत जातात, इल्मार्स. सहा आणि आठ वर्षांचे. मी त्यांना ट्रॅक्टर शिकवणार होतो. तू सही केलीस आणि माझं घर रिकामं झालं. तरीपण मत तुझ्या पक्षालाच दिलं, कारण आईला तसा शब्द दिला होता. पण तुझं नाव? तुझ्या नावाला मी जीव तोडून नको म्हटलं."

"मग तोंडावर का नाही बोललास?" रेनाते उसळली. "दोन वर्षं इथं येऊन आम्ही जेवतोय, तू गोड बोलतोयस, पिशवीभर बटाटे गाडीत भरून देतोयस, आणि आतून हे?"

"बटाटे बटाट्यांच्या जागी."

"वा! आणि ही?" रेनातेनं मान जिद्राकडे वळवली. "ही तर गप्पच. शाळा गेली तेव्हाही गप्प. गप्प माणसांचं मला खरंच भय वाटतं. तुमचं काय, जिद्रा? तुम्ही तर खोडलंच असणार. तुम्ही नाही खोडायचं तर कुणी खोडायचं?"

जिद्रानं ताटातला बटाटा दोन भागांत कापला, मग चार. उत्तर दिलं नाही. त्या घरात सत्तावन्न वर्षांत जिद्रानं उत्तर दिलं नाही म्हणजे 'हो' असंच धरलं गेलं होतं, तसंच आजही धरलं गेलं.

"झालं तर मग," रेनाते म्हणाली. "बघ इल्मार्स, तुझं माहेर!"

"माहेर नाही म्हणत पुरुषाच्या घराला," एगोन्स म्हणाला. "आणि रेनाते, हिशेब तुलाही येतो. पाच मतं. एक अधिक, तो त्याचा. चार खोडलेली. एक मी. एक जिद्रा. उरल्या दोन."

आउस्त्राच्या हातातला पाव चुरला गेला. आता कळणार, आता कळणार, असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं, पण बोलली रेनाते.

"हो," रेनाते म्हणाली. "एक मी."

इल्मार्स बायकोकडे बघतच राहिला. हिच्याबरोबर तो महिनाभर गावोगाव फिरला होता. हिनं बाजारात उभं राहून त्याची पत्रकं वाटली होती. म्हाताऱ्या बायकांना "माझा नवरा" म्हणून त्याचा फोटो दाखवला होता.

"तू?"

"मी. का? तू मला विचारलं होतंस का, जाऊ का म्हणून? यादी छापून आली तेव्हा मला वर्तमानपत्रात कळलं. सकाळी कॉफी पिताना! पक्षप्रमुखांनी तुला म्हटलं, शिक्षणमंत्री आता लोकांना नकोसा झालाय, त्याला ब्रसेल्सला घालवू या, आणि तू 'बरं' म्हणालास. माझी नोकरी रिगाला, माझी आई रिगाला. पाच वर्षं मी विमानतळावर तुझी बॅग आणायला-पोचवायला? पत्रकं वाटली, कारण पत्रकं वाटणं हे माझं काम होतं. पण पडद्याआड कुणी बघत नव्हतं. तिथं मी एकटी होते, आणि तिथं मला नवरा हवा होता." ती त्याच्याकडे वळली. "राहावास म्हणून खोडलं रे. घालवायला नाही."

एगोन्सनं, जो क्षणापूर्वी तिच्याशी भांडत होता, पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिनं तो घेतला. एवढ्याशा गोष्टीनं ते दोघं एका बाजूला झाले, आणि इल्मार्स टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एकटा उरला.

एगोन्सनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. त्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. "मी. रेनाते. जिद्रा. तीन. मग चौथं..." आणि त्याचं बोट हवेतच राहिलं. त्यानं हळूहळू मान वळवली. "आई? तू?"

रेनातेनं तोंडावर हात घेतला. आउस्त्राला वाटलं, आता आपण जमिनीत जावं. पण जमीन काही फाटली नाही. सफरचंदाचं एक हिरवं, अपक्व फळ टपकन सारात पडलं, आणि ते बाहेर काढायचंही कुणाला भान राहिलं नाही.

"आईचं नाव घेऊ नकोस," इल्मार्स म्हणाला. "चौथी रेघ माझी आहे."

"तुझी म्हणजे?"

"माझी म्हणजे माझी. मी स्वतःचं नाव खोडलं."

एगोन्सची बोटं अजून वरच होती. रेनाते नवऱ्याकडे बघत होती, पण जणू पहिल्यांदाच बघत होती. देशाच्या इतिहासात कुठल्या उमेदवारानं आपलंच नाव खोडलं असेल तर त्यानं ते बायकोला नक्कीच सांगितलं नसेल. आणि ज्यानं खोडलं तो निवडून येऊन, हातात फुलांचा गुच्छ घेऊन, टीव्हीवर आभार मानत होता.

"तुला वेड लागलंय का?" रेनाते म्हणाली.

"शाळेत शिरलो तेव्हा माझ्या मनात असलं काही नव्हतं," इल्मार्स म्हणाला. तो आता ताटाकडे बघून बोलत होता. "टीव्हीवाली मुलगी म्हणाली, इकडून या, उजेड चांगला आहे. तिथं ओळीनं कोट अडकवायचे हुक आहेत ना, अजून आहेत. प्रत्येक मुलाचं चित्र त्याच्या हुकाखाली. भूछत्र, साळिंदर, बदक. जुनीच, जिद्रानं पुन्हा पुन्हा रंगवलेली. चित्रं कुणी उतरवली नाहीत. माझ्या वेळी माझं चित्र किटली होती. किटली अजून आहे. कुणी अनीता म्हणून पोरगी होती तिच्या नावाखाली. मी पडद्याआड गेलो. हात आपसूक गेला. मला वाटलं, ज्यानं हे केलं त्याला मी तरी मत का देऊ?"

जिद्रानं डोळे मिटून घेतले.

"निवडून येणार नाही असंच मला वाटत होतं," तो म्हणाला. "आलो. रिगानं आणलं. मग दोन आठवडे विचार केला." त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढला आणि ताटाशेजारी ठेवला. "हे पत्र आहे. मी जागा सोडतो, यादीतल्या पुढच्या माणसाला द्या, असं लिहिलंय. सही आहे. जेवण झालं की तुम्हाला सांगणार होतो, आणि उद्या नेऊन देणार होतो. मंत्रिपद गेलंच आहे. ठरलं होतं इथं येऊन राहायचं. गावात कुणी बोललं नाही तरी चालेल, म्हटलं."

आउस्त्राच्या मनात आनंदाचा असा उमाळा आला, की तिला टेबलाची कड धरावी लागली. इथं येऊन राहायचं! तिनं जे मागितलं होतं ते तिच्यापुढे, बीटाच्या साराशेजारी, बंद लिफाफ्यात पडलं होतं.

"होतं," इल्मार्स म्हणाला. "सकाळपर्यंत."

आणि तो उठला, टेबलाला वळसा घालून आईच्या खुर्चीपाशी आला, आणि एवढा मोठा माणूस तिच्यापाशी गवतात गुडघे टेकून बसला.

"रास्मानं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी चार रेघा ऐकल्या. मी एक अधिक ऐकला. मी तर खोडलं होतं. मग तो कुणाचा? एगोन्सचा नाही, ते मला त्याच्या दंताळ्यावरूनच कळलं. जिद्राचा कसा असेल? माझी मान वर होत नाही तिच्यासमोर. मी समजलो होतो रेनातेचा. आता कळलं, तिचाही नाही." त्यानं आईचे मातीनं काळे झालेले हात आपल्या हातात घेतले. "साऱ्या गावात, साऱ्या घरात, मी स्वतःलासुद्धा नको होतो, तेव्हा एका माणसानं माझ्या नावापुढे अधिक काढला. आई, तू."

आउस्त्रा घाबरली होती. आयुष्यात इतकी कधीच घाबरली नव्हती, नवरा गेला तेव्हाही नाही.

"तू म्हणालीस तर जाईन," इल्मार्स म्हणाला. "आणि तिथं काहीतरी नीट करून दाखवीन. मला एक माणूस पुरे. पण एकदा तुझ्या तोंडून सांग."

"कॉफी उतू जातेय," जिद्रा एकदम म्हणाली. दुपारभरातलं तिचं ते पहिलं वाक्य. "आई, जरा ये आत."

स्वयंपाकघरात कॉफी काही उतू जात नव्हती. शेगडी पेटवलीच नव्हती. जिद्रानं दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"तू खोडलंस," ती म्हणाली.

आउस्त्रानं होकारार्थी मान हलवली.

"मला कबरीपाशीच कळलं, की त्यानं स्वतःचं खोडलंय. कारण तो अधिक माझा आहे."

"तुझा?" आउस्त्रा मटकन स्टुलावर बसली. "अगं, पण तू... त्यानं तुझी शाळा..."

"म्हणूनच! आई, दोन वर्षं झाली, मला अजून पावणेसातला जाग येते. उठते, कपडे करते आणि मग आठवतं. आणि दर रविवारी तो इथं येतो, सात पाव खातो, आणि माझ्याकडे असा बघतो की मीच त्याला काहीतरी माफ करायचं राहिलंय. मला तो समोर नको होता. ब्रसेल्स, चंद्र, कुठंही. त्याला लांब घालवायचा तेवढाच मार्ग माझ्या हातात होता. मी एवढा मोठा अधिक काढला, कागद फाटेल असा."

"एका खुणेनं कुणी ब्रसेल्सला जातं का गं?"

"आणि एका रेघेनं कुणी घरी राहतं का?"

आणि अशा वेळी हसू येणं किती वाईट, पण जिद्राला ते आलं, आणि मग ते हसू रडण्यात गेलं. तिनं ओट्यावरचं फडकं घेऊन तोंड पुसलं.

"हुकांचं त्यानं सांगितलं ना," ती म्हणाली, "तेव्हा माझं सगळं बळच गेलं. मला त्याचा राग धरायचाय, आई. धरू देत नाही तो मेला." तिनं नाक ओढलं. "ते जाऊ दे. तुला तो इथं हवाय. तर बाहेर जा आणि खरं सांग. मी खोडलं म्हण. जिद्रानं अधिक काढला, पण तो तुला हाकलायला काढला, हेही सांग. मी नाही म्हणणार नाही. तो पत्र नेऊन देईल. उद्यापासून वरच्या खोलीत राहील. तू जन्मभर त्याला पाव करून घाल."

"आणि तू?"

"माझं मी बघेन."

आउस्त्रा उठली. परकरावर हात पुसले, पुन्हा पुसले. खिडकीतून अंगण दिसत होतं. एगोन्स आणि रेनाते टेबलाच्या एका बाजूला जवळजवळ बसून हलक्या आवाजात बोलत होते. इल्मार्स अजून गवतातच बसला होता, तिच्या रिकाम्या खुर्चीला टेकून, आणि दाराकडे बघत होता. असाच तो शाळेच्या पहिल्या दिवशी पायरीवर बसला होता. आई न्यायला येईल ना, एवढाच प्रश्न चेहऱ्यावर.

खरं सांगायचं, असं ठरवूनच ती बाहेर आली. अंगणातून चालताना शब्द तयार होते. मी खोडलं रे, मला तू जायला नको होतास, राहा. इतकं सोपं. पण ते बोलल्यावर इथं राहील तो कोण असेल, हे तिला त्या दहा पावलांत दिसलं. ज्याला गावानं नको म्हटलं, भावानं, बायकोनं, बहिणीनं, आणि ज्याच्या आईनंही पेन उचलून रेघ ओढली, असा एक माणूस वरच्या खोलीत राहील. तो तिचे पाव खाईल आणि दर घासाला त्याला ती रेघ आठवेल. तिला लेक हवा होता. तो तर तिला तसाही मिळणार नव्हता.

ती त्याच्यापुढे उभी राहिली. सगळे बघत होते. दारात जिद्रा येऊन थांबली होती.

"काय झालं आई?" इल्मार्स म्हणाला. "सांग ना."

"काय सांगायचं?" आउस्त्रा म्हणाली. "माझाच होता तो. आईचा नाही तर कुणाचा असणार?"

दारातून जिद्राचा हुंकारासारखा एक आवाज आला, आणि थांबला.

इल्मार्सचा चेहरा असा उजळला, की आउस्त्राला तो बघवेना. त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं, उठला, ताटाशेजारचा लिफाफा उचलून चार तुकडे केले आणि खिशात कोंबले. मग सफरचंदाच्या झाडापलीकडे जाऊन त्यानं रिगाला फोन लावला. आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मंत्र्यांना हळू बोलायची सवय राहत नाही.

"हो, मंगळवारच्याच विमानानं," तो म्हणत होता. "नाही, आता विचार बदलणार नाही. आईचीच इच्छा आहे."